जुन्या इंजिनाला नवा पार्ट की वापरलेला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली की इंजिनाचे काम निघते. कंपनीकडे काही पार्ट मिळेनासे होतात आणि मेकॅनिक म्हणतो, ‘जुना चांगला मिळतो, टाकू का?’ या वेळच्या बहुतेक पत्रांत हाच पेच आहे. आमचे मत आधीच सांगून टाकतो. ज्या पार्टची झीज हत्याराने मोजता येते, तो वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण मोजून घ्या. जो पार्ट वयाने मरतो किंवा ज्याचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, तो नवाच घ्या. आणि नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट, हे गृहीत धरू नका. हलक्या नकलेपेक्षा कंपनीच्या ओतकामाचा वापरलेला पार्ट कितीतरी वेळा सरस ठरतो.

प्रश्न : १८ वर्षांची पेट्रोल गाडी. इंजिन तापून हेड गॅस्केट उडाले. मेकॅनिक म्हणतो हेड वाकले आहे, फेसिंग करू किंवा वापरलेले हेड आणू. काय करावे? वापरलेले घेतले तर तपासायचे कसे?

हेड (सिलिंडरवरचे झाकण; त्याच्या आणि ब्लॉकच्या मध्ये गॅस्केट असते) खरेच वाकले आहे का, हे आधी मोजून घ्या. पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर सरळ स्टीलची पट्टी उभी धरायची आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्या) सरकवून पाहायचे. लांबीच्या दोन्ही कडांवर, रुंदीच्या दोन्ही टोकांना आणि दोन्ही तिरक्या रेषांवर, अशा सहा ठिकाणी. छोट्या चार सिलिंडरच्या इंजिनांत मर्यादा साधारण ०.०५ मिमी असते, काहींत ०.१० मिमीपर्यंत चालते. तुमच्या इंजिनाचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच प्रमाण माना.

फेसिंगवर सगळे सुटत नाही. अॅल्युमिनियमचे हेड तापते तेव्हा ते केळीसारखे पुरते वाकते. फेसिंगने खालचा भाग सपाट होतो, पण वरची कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) रेषा वाकडीच राहते. ती तपासण्याची रीत सोपी आहे. सगळे रॉकर किंवा टॅपेट काढून ठेवा, नुसता कॅम जागेवर बसवा, थोडे ऑइल लावा आणि त्याला धरून ठेवणाऱ्या कॅप ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. कॅम दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे. मधल्याच कॅपवर तो अडकत असेल, तर हेड सरळ करून घेतल्याशिवाय वापरू नका, कारण पुढे कॅम त्या जागी घासतो किंवा तुटतो. आधी कॅमच वाकलेला नाही ना, हेही बघून घ्यावे.

वापरलेले हेड घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, उंची. वरपासून खालपर्यंत मोजा आणि मॅन्युअलमधल्या किमान उंचीशी ताडून पाहा. आधीच एक-दोनदा फेसिंग झालेल्या हेडला आणखी घासायला जागा उरत नाही. कॉम्प्रेशन वाढते, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि कॅमचे टायमिंगही किंचित सरकते. दुसरी, चीर. ती बहुतेक वेळा दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये किंवा स्पार्क प्लगच्या भोकाकडे जाते आणि काजळीखाली लपते. डोळ्यांवर विसंबू नका, मशीन शॉपमध्ये गरम पाण्यात हवेच्या दाबाची चाचणी करून घ्या. हेड गरम असतानाच चीर उघडते, थंड हेडमध्ये बुडबुडे येणारही नाहीत. तिसरी, कॅमच्या कॅप. कॅप जागेवर लावूनच त्यांची भोके मशीन केलेली असतात, त्यामुळे त्या त्याच हेडच्या हव्यात, क्रमांक आणि बाण जुळलेल्या. एखादी दुसऱ्या हेडची निघाली तर ते हेड सोडून द्या.

हेड चांगले मिळाले तरी व्हॉल्व्ह स्टेम सील नवीच टाका. गाइडमध्ये (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत) व्हॉल्व्ह डुगडुगत असेल तर गाइड बदला. त्याशिवाय सिटिंग (व्हॉल्व्हची बैठक घासून जुळवणे) करून उपयोग नाही, व्हॉल्व्ह पुन्हा तिरकाच बसेल. व्हॉल्व्ह मात्र जुने चालतात. दांडा सरळ हवा आणि ग्राइंडिंगनंतर कडेला पुरेशी जाडी उरलेली हवी. सुरीसारखी धार झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर जळतो.

आता हेडचे बोल्ट. टॉर्कनंतर ९० अंश, पुन्हा ९० अंश असे कोनात आवळायचे बोल्ट बहुधा ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देईल याचा भरवसा नाही, तेव्हा नवा संच घ्या. नुसत्या टॉर्कवर आवळायचे जुन्या पद्धतीचे जाड बोल्ट आटे चांगले असतील तर पुन्हा चालतात. ब्लॉकमधली बोल्टची भोके हवा मारून कोरडी करा. आंधळ्या भोकात ऑइल किंवा कूलंट साचलेले असताना बोल्ट आवळला, तर द्रव दबून ब्लॉकच चिरतो.

ब्लॉकचा वरचा भागही त्याच पट्टीने तपासा. जुने गॅस्केट खरवडताना ड्रिलवर लावायची घासणारी चकती वापरू नका. तिचे कण ऑइलमध्ये उतरतात आणि नव्या इंजिनाचे शेलही (क्रँकला पेलणाऱ्या बेअरिंगच्या पातळ वाट्या) थोड्याच अंतरात खाऊन टाकतात. आणि गाडी मुळात कशामुळे तापली, हे शोधल्याशिवाय नवे-जुने कुठलेच हेड बसवू नका. रेडिएटर, त्याचे झाकण, पंखा, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप, सगळे बघा.

प्रश्न : टायमिंग बेल्ट बदलायचा आहे. टेन्शनर आणि वॉटर पंप चांगले दिसतात. फक्त बेल्ट टाकला तर?

टाकू नका. टेन्शनर आणि आयडलरच्या (बेल्ट ताणणाऱ्या आणि वळवणाऱ्या चाकांच्या) आत सीलबंद बेअरिंग असते. त्यातले ग्रीस किती उरले आहे, हे बाहेरून कळत नाही. बेअरिंग जाम झाले की नवा बेल्टही काही मिनिटांत जळतो. ज्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागी येऊ शकतात, तिथे बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह वाकतात आणि थेट हेड काढायची पाळी येते. वॉटर पंप बेल्टवरच फिरत असेल तर तोही आत्ताच बदला, कारण नंतर गळला तर सगळे काम पुन्हा करावे लागते. बेल्टचे आयुष्य किलोमीटरइतकेच वर्षांवरही ठरते. कमी चाललेल्या गाडीचा बेल्टसुद्धा कंपनीने सांगितलेली वर्षे झाली की बदलायचा. वापरलेला बेल्ट, टेन्शनर किंवा पंप कधीही घेऊ नये.

प्रश्न : खालून ठोकल्याचा आवाज येत होता. इंजिन उघडले तर एका रॉडचे शेल फिरलेले आणि क्रँक घासलेला. क्रँक ग्राइंड करावा की वापरलेला स्टँडर्ड साइझचा आणावा?

ग्राइंड होण्यासारखा असेल तर स्वतःचाच क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) पहिला. तो तुमच्या ब्लॉकमध्ये फिरलेला आहे, त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

आधी मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन दिशांना आणि दोन्ही टोकांना मोजा. दोन दिशांतला फरक म्हणजे अंडाकार झीज, दोन टोकांतला फरक म्हणजे निमुळती झीज. हा फरक ०.०१ ते ०.०२ मिमीच्या पुढे गेला की बहुतेक इंजिनांत ग्राइंडिंग लागते. त्यानंतर ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइझ (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचे) शेल येतात आणि तो आकडा शेलच्या पाठीवर कोरलेला असतो. शेल हातात आल्यावरच क्रँक ग्राइंडिंगला द्या. क्रँक घासून बसलात आणि त्या साइझचे शेल मिळेनात, असे जुन्या गाड्यांच्या बाबतीत नेहमी होते.

काही क्रँकचा वरचा थर नायट्रायडिंगने कठीण केलेला असतो. हा थर पातळ असतो आणि ग्राइंडिंगने उडून जाऊ शकतो. कंपनीने त्या इंजिनासाठी अंडरसाइझ शेल काढलेच नसतील, तर तो क्रँक ग्राइंड करायचा नाही असेच समजा. ग्राइंडिंग करणाऱ्याला जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई जशीच्या तशी ठेवायला सांगा. तिथे टोकदार कोपरा राहिला की क्रँक तिथूनच तुटतो.

वापरलेलाच क्रँक आणायचा असेल तर विक्रेत्याच्या ‘स्टँडर्ड आहे’ या शब्दावर थांबू नका. सगळे जर्नल मोजा, चुंबकीय चाचणीने चीर तपासा, व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने वाक पाहा. पुष्कळ इंजिनांत ब्लॉकवर आणि क्रँकवर अक्षरे किंवा आकडे कोरलेले असतात आणि त्यांच्या जोडीवरून प्रत्येक मेनचे (क्रँकच्या मुख्य बेअरिंगचे) शेल कोणत्या रंगाचे घ्यायचे ते ठरते. क्रँक बदलला की ही जोडी बदलते. जुन्या क्रँकच्या हिशेबाने मागवलेले शेल नव्याला घट्ट किंवा सैल होतील.

शेल फिरलेला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बहुधा निकामी होतो. बिग एंडला (क्रँकवर बसणाऱ्या टोकाला) निळसर झाक दिसली म्हणजे तो तापला आहे, बदला. इथे वापरलेला रॉड चालतो. वजन बाकीच्यांशी काही ग्रॅमच्या आत जुळले पाहिजे, तो सरळ असला पाहिजे आणि कॅप त्याचीच असली पाहिजे. नव्या धाटणीच्या इंजिनांत रॉड आणि कॅप एकाच तुकड्याच्या तडकवून वेगळ्या केलेल्या असतात. तडकलेल्या कडा एकमेकींतच बसतात, दुसरी कॅप त्यावर कधीच नीट बसत नाही. रॉडचे बोल्ट नवे घ्या.

बसवताना फट तपासायला प्लॅस्टिगेजचा दोरा वापरा. जर्नल आणि शेल कोरडे पुसा, दोरा लांबीत ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका आणि मग उघडून चपटा झालेला दोरा मापपट्टीशी जुळवा. सर्वसाधारणपणे ०.०२ ते ०.०५ मिमी फट असते. ०.०८ मिमीच्या घरात गेली तर ऑइलचा दाब पडेल.

एवढे सगळे करूनही काम वाया जाते, ते ऑइलच्या वाटेत अडकलेल्या धातूच्या भुकटीमुळे. क्रँकमधली ऑइलची भोके ब्रशने धुवून घ्या, जाळी साफ करा, ऑइल पंप उघडून रोटरची फट मोजा. ऑइल कूलर असेल तर तो नवाच घाला. त्याच्या आतल्या बारीक वाटा धुऊन पूर्ण स्वच्छ होत नाहीत. दुसऱ्या गाडीचा वापरलेला कूलरही नको, त्याच्या इंजिनाचे काय झाले होते हे कोणी सांगत नाही.

प्रश्न : गाडी ऑइल खाते. जुन्याच पिस्टनवर नव्या रिंगा टाकून भागेल का?

आधी धूर कधी येतो ते पाहा. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन बंद होत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेली आहेत, खालचे काम काढायची गरज नाही. चढावर किंवा वेग घेताना सतत धूर असेल तर रिंगा आणि बोअर (पिस्टन चालतो ती सिलिंडरची पोकळी) झिजलेले असतात.

बोअर डायल गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजा. वरखालचा फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर होनिंग करून (बोअरला बारीक तिरक्या रेषा पाडून) नव्या रिंगा चालतात. ०.१० मिमीच्या वर असेल तर रिंगा बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. रिंग प्रत्येक फेऱ्यात आवळते-पसरते आणि काही हजार किलोमीटरांत पुन्हा ऑइल खायला सुरुवात होते. तेव्हा ओव्हरसाइझ पिस्टन घ्या आणि ते मशीन शॉपला देऊन, प्रत्येक पिस्टन मोजून त्या मापाने बोअर करून घ्या.

जुना पिस्टन ठेवायचा तर रिंगच्या खाचा काजळी काढून साफ करा आणि नवी रिंग त्यात बसवून बाजूची फट मोजा. वरच्या खाचेत ०.१५ मिमीचे फीलर सहज जात असेल तर पिस्टन संपला. नवी रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये सरळ बसवा आणि तोंडाची फट मोजा. ७५ मिमी बोअरला सुमारे ०.३० मिमी फट असते. फट फार कमी राहिली तर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. बोअरच्या वरच्या टोकाला जिथे रिंग पोहोचत नाही तिथे कड उरलेली असते, ती कापून घ्या. नवी रिंग तिच्यावर आपटली की पिस्टनची वरची पाळी उडते. वापरलेल्या रिंगा, वापरलेले शेल, वापरलेली गॅस्केट हा विषयच नको.

प्रश्न : अल्टरनेटर आणि स्टार्टर वापरलेले घ्यावेत का?

जरूर. कंपनीचा वापरलेला अल्टरनेटर घेऊन त्यात नवे ब्रश आणि दोन्ही बेअरिंग टाकले की तो स्वस्त नकलेपेक्षा जास्त टिकतो. बसवल्यावर दिवे आणि पंखा चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर अल्टरनेटरला दोष देण्याआधी इंजिनाची अर्थिंगची पट्टी साफ करून पाहा. पुलीचा व्यास आणि खाचांची संख्या जुन्याशी जुळवा.

प्रश्न : एका दुकानात वीस वर्षांपूर्वीचा सीलबंद साठा मिळाला : गॅस्केट संच, ऑइल सील, होज, बेल्ट, शेल. सगळे ओरिजिनल. घेऊन ठेवू का?

शेल, पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅम असे धातूचे पार्ट नक्की घ्या. गंजरोधक कागद शाबूत असेल आणि पृष्ठभागावर डाग नसतील, तर त्यांना वयाने काही होत नाही. आज हे सोने आहे.

रबर मात्र बंद डब्यातही म्हातारे होते. ऑइल सीलची ओठासारखी कड नखाने दाबून वाकवा. ती लगेच परत आली पाहिजे. कडक लागली किंवा सुरकुती दिसली तर ते सील पहिल्याच आठवड्यात गळेल. बेल्ट आणि इंजिन माउंटिंग घेऊच नका. बुचाच्या गॅस्केट आकसून भोके सरकलेली असतात, ब्लॉकवर ठेवून जुळवून पाहा. पेट्रोलच्या जुन्या होज इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाहीत, आतून फुगतात किंवा तडकतात. कार्बोरेटरच्या डायफ्रॅमचेही तेच, म्हणून कार्बोरेटरची बॉडी जुनी ठेवली तरी किट ताज्या उत्पादनाचा हवा.

फार जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. इंजिनावरचे असे गॅस्केट कोरडे खरवडू नका, हवा मारून उडवू नका. ओले करून काढा, मास्क लावा आणि तुकडे पिशवीत बंद करून टाका.

प्रश्न : नकली पार्ट ओळखायचा कसा?

डबा बघून ओळखता येत नाही, पार्ट बघा. जुना आणि नवा शेजारी ठेवून वजन करा. ओतकामाच्या कडा, कोरलेले क्रमांक, भोकांच्या धारा जुळवा. शेल ब्लॉकमध्ये बसवून ऑइलचे भोक बरोबर समोर येते का ते पाहा. अर्धे झाकले जात असेल तर परत करा. ऑइल फिल्टरच्या भोकातून आत डोकावा. ज्या फिल्टरला परतीचा रबरी पडदा असायला हवा त्यात तो नसेल, तर रात्रभरात ऑइल खाली उतरते आणि सकाळी इंजिन काही क्षण कोरडे चालते. गाडीच्या कंपनीचा डबा महाग वाटत असेल, तर तोच पार्ट कंपनीला पुरवणाऱ्या कारखान्याचा स्वतःच्या नावाचा डबा शोधा. दर्जा बहुधा तोच मिळतो.

प्रश्न : एवढे सुटे काम करण्यापेक्षा अख्खे वापरलेले इंजिन टाकले तर?

इंजिन चालू अवस्थेत पाहायला मिळत असेल तर हा चांगला मार्ग आहे. उतरवून कोपऱ्यात ठेवलेल्या इंजिनाबाबत मात्र सावध राहा.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम हवे, सगळे प्लग काढलेले हवेत, इंधन आणि इग्निशन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली हवी. या अटी पाळल्या नाहीत तर आकडा खोटा येतो. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार, डिझेलमध्ये २० ते ३० बार मिळतात. आकड्यापेक्षाही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा आहे. सगळे ११ असतील तर ठीक, तीन १३ आणि एक ९ असेल तर नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढले तर रिंगा, जैसे थे राहिले तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

उतरवलेल्या इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण उघडा. दुधाळ थर म्हणजे आत पाणी गेलेले असू शकते. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून बोअर बघा. होनिंगच्या तिरक्या रेषा दिसल्या तर उत्तम, गंजाची आडवी रेघ दिसली तर त्या इंजिनात पाणी साचून राहिले होते, निघून या. विक्रेता ऑइल चेंबर खोलू देत असेल तर एका रॉडची कॅप उघडून शेल बघून घ्या, त्यातून सगळे कळते.

इंजिन क्रमांकाची पुढची अक्षरेही जुळवा. एकाच नावाच्या इंजिनात वर्षागणिक सेन्सर, फ्लायव्हील आणि माउंटिंगच्या जागा बदललेल्या असतात. तुमच्या गाडीचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि वायरिंग तसेच ठेवायचे, तर सेन्सर तुमच्या जुन्या इंजिनावरून काढून लावावे लागतात. ऑक्सिजन सेन्सर मात्र वापरलेला लावू नका. इंजिन क्रमांक बदलतो, म्हणून गाडीच्या कागदपत्रांत तशी नोंदही करून घ्या.

बसवण्यापूर्वी, इंजिन बाहेर असतानाच, टायमिंग संच, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि क्रँकचे मागचे ऑइल सील नवे टाका. क्रँकच्या पुलीत रबराची कडी असेल तर ती फुगलेली किंवा सरकलेली नाही ना, बघा. बाहेरचा भाग सरकला की टायमिंगची खूण चुकते आणि तुम्ही चुकीच्या जागी टायमिंग लावता. बरेच दिवस पडून असलेल्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, काही तास राहू द्या आणि पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडकला तर जोर लावू नका, टायमिंग पुन्हा तपासा. मग प्लग न लावता, इंधन आणि इग्निशन बंद ठेवूनच, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने फिरवा. त्यानंतरच प्लग लावून इंजिन चालू करा आणि पहिले ऑइल व फिल्टर ५०० ते १,००० किलोमीटरवर बदला.